नऊ नंबरच्या खांबाजवळची बॅग

मी एक जुनी बॅग आहे. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता तो कोणता आहे, हे मलाही नीट सांगता येणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी बॅग असेलच. पण तिला कधी पोलिसांच्या कुत्र्याने हुंगले नसेल, आणि तिला पाहून शे-दीडशे माणसे मागे सरकली नसतील. माझ्या नशिबी ते आले. भर दुपारी, आपल्या राज्याच्या राजधानीत, मुंबईच्या जुन्या विमानतळावर आले. त्यात माझा काही दोष नव्हता, आणि माझ्याशेजारी उभ्या राहिलेल्या एका मुलीचाही नव्हता. तीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म अकोल्याचा. अब्दुल गफ्फार नावाच्या कारागिराने ट्रकच्या ताडपत्रीतून मला बेतले आणि शिवले. तो बॅगेच्या प्रत्येक कोपऱ्यात एक तिकोनी टाका घालायचा, तीनदा उलटसुलट, म्हणजे कितीही ओझे भरले तरी कोपरा उसवत नाही. असा टाका अकोल्यात दुसरा कोणी घालत नसे. त्यामुळे दुकानाच्या नावाची पट्टी लावायची त्याला कधी गरज वाटली नाही.

मला बनवून घेतले ते देवमन यांनी. देवमन अमरावतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. गफ्फारभाई मला शिवत असताना ते दिवसभर समोर स्टूल टाकून बसले होते. दोरा दुहेरी आहे ना, आतून जुने कापड तर लावत नाही ना, हे बघत होते. शेवटी गफ्फारभाई हसून म्हणाले, "भाऊ, माझ्यावर नाही तर निदान सुईवर तरी भरवसा ठेवा." देवमन हसले नाहीत. त्यांनी माझे कोपरे ओढून पाहिले आणि मगच मला हातात घेतले.

नोकरीची पंचवीस वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडले. माझ्या पोटात त्यांचे पाने, पकडी आणि बदलायचे कपडे असत. परतवाडा, दर्यापूर, धारणी, जिथे गाडी बंद पडेल तिथे आम्ही जायचो. एकदा चिखलदऱ्याला सकाळची गाडी सुटायची होती. प्रवासी बसले होते. श्याम नावाचा ड्रायव्हर घाई करत होता.

"देवमनभाऊ, गाडी चांगली आहे. काहून टाइम घालवून राहिले?"

"आवाज बरा नाई," देवमन म्हणाले, आणि सगळ्यांना खाली उतरवून त्यांनी पुढचे चाक काढले. आतला नट चिरला होता. तशीच गाडी घाटात उतरली असती, तर काय झाले असते हे सांगायला नको. डेपोत त्यांचा शाल देऊन सत्कार झाला. साहेब भाषणात म्हणाले, "असा संशयी माणूस प्रत्येक डेपोत पाहिजे." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

पण मित्रांनो, हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. नटांवर घ्यायचा संशय देवमन माणसांवरही घेऊ लागले. दूधवाला पाणी घालतो. शेजारी कान लावून ऐकतो. राजापेठेतला डॉक्टर नको त्या गोळ्या लिहितो. दाराचे कुलूप ते तीनदा ओढून पाहायचे, आणि चौथ्यांदा त्यांच्या पत्नी इंदूबाईंना ओढायला लावायचे. इंदूबाई म्हणायच्या, "सारं जग का तुमच्याच मागं लागलं आहे?" ते उठून पुन्हा एकदा कुलूप ओढून पाहत.

ते निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेले. सहा वर्षे गेली. उंदराने माझा एक पट्टा कुरतडला. अंधारात पडल्या पडल्या मी खालचे बोलणे ऐकत असे. मला वाटले, आता आपले आयुष्य इथेच संपणार.

मग एके दिवशी त्यांच्या मुलीचा, प्रियदर्शनीचा, फोन आला. ती कोचीला जहाजे बांधण्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे. चार वर्षे जिच्या इंजिनावर तिने काम केले, ती बोट पहिल्यांदा पाण्यात सोडायची होती. "बाबा, तुम्ही दोघं या. मला तुम्ही तिथं उभे पाहिजे," ती म्हणाली. तिने तिकिटेही काढून पाठवली. अमरावतीहून मुंबई, आणि तिथून दुसऱ्या विमानाने कोची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोट पाण्यात उतरणार होती.

देवमननी मला खाली काढले, झटकले आणि उन्हात ठेवले. त्यांनी आपले बारा पाने तेल लावून खाकी कापडात गुंडाळले. ते त्यांना मुलीला द्यायचे होते. इंदूबाईंनी मुगवड्या आणि तिखटाचा गोल डबा ठेवला. वरून कपडे, आणि बाहेरून मोठे पितळी कुलूप.

निघायच्या दोन दिवस आधी देवमनच्या मोबाइलवर एक मेसेज आला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला. तुमचे कोचीचे विमान आता जुन्या विमानतळावरून नाही, तर नव्या विमानतळावरून सुटेल, असे त्यात लिहिले होते.

"हे पाय," ते इंदूबाईंना म्हणाले. "फसवायचे धंदे. आता म्हनतीन, इथं बोट दाबा."

"प्रियाले विचारा ना एकडाव."

"तिले काहून तरास देतं? विमानतळ का एसटीचा थांबा आहे, आज इथं अन् उद्या तिथं?"

आणि त्यांनी तो मेसेज पुसून टाकला.

अमरावतीजवळचा आमचा बेलोऱ्याचा विमानतळ लहानसा आहे. तिथे रांगेत आमच्यामागे वीस-बावीस वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने वाकून माझ्या कोपऱ्यावर बोट फिरवले. देवमननी झटकन मला पुढे ओढले.

"काय पायजे व पोरी?"

"काही नाही काका. टाका पाहून राहिली होती."

"टाका?" त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग खिडकीशी गेल्यावर मला हातातून द्यायलाच ते तयार होईनात. तिथल्या माणसाने माझ्या मुठीला कागदी पट्टी बांधली आणि तिचा तुकडा त्यांना दिला, तेव्हा कुठे त्यांनी मला सोडले. तरी माझ्याकडे वळून वळून बघत होते.

विमानाच्या पोटात माझा पहिलाच प्रवास. मुंबईजवळ आल्यावर विमान एका अंगावर कलले आणि तसेच गोल गोल फिरत राहिले. नंतर कळले की उतरायला खाली जागा नव्हती. आमच्या आधी कितीतरी विमाने आकाशात रांग लावून होती. आम्ही जमिनीला लागलो तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशीर झाला होता.

बाहेर आल्यावर देवमन चौकशीच्या खिडकीशी गेले. तिथल्या बाईंनी तिकीट पाहिले.

"काका, हे विमान इथून नाही. नव्या विमानतळावरून आहे, खाडीच्या पलीकडे."

"एका शहराले दोन-दोन विमानतळ?"

"इथे आता जागाच उरली नाही, काका. तुम्हाला मेसेज आला असेल की."

देवमनचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मेसेज आला होता, हे त्यांना आठवले. पण आपले चुकले असे म्हणण्यापेक्षा समोरची बाई खोटे बोलते असे मानणे त्यांना सोपे गेले. ते इंदूबाईंच्या कानाशी म्हणाले, "टॅक्सीवाल्यायशी सूत असन इचं. मी दोन-तीन ठिकानी विचारून येतो. तू बॅगजवळ उभी राय. हालू नको."

त्यांनी मला नऊ नंबरच्या खांबाशी टेकवले आणि ते गर्दीत शिरले.

दहा मिनिटे झाली, वीस झाली. फोन देवमनच्याच खिशात होता. इंदूबाई पुन्हा पुन्हा टाचा उंच करून बघत होत्या. त्यांना मला उचलणे शक्य नव्हते. शेवटी त्या मला म्हणाल्यासारखे पुटपुटल्या, "दोन मिनिटात आलीच," आणि त्याही गेल्या.

मी एकटी राहिले.

मित्रांनो, गर्दीत एकटे पडणे काय असते ते मला तेव्हा कळले. आधी शेजारच्या एका गृहस्थांनी आपले सामान दोन पावले लांब नेले. मग एका आईने लेकराला कडेवर घेतले. वरून आवाज आला की बेवारस वस्तूला हात लावू नये. तो आवाज दिवसभर येतच असतो, पण त्या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. बघता बघता माझ्याभोवती मोकळी जागा झाली. जिच्या पोटात मुगवड्या आहेत अशा माझ्याकडे माणसे भीतीने बघत होती.

त्या मोकळ्या जागेत एक मुलगी चालत आली. बेलोऱ्याचीच ती मुलगी. तिची टॅक्सी समोर येऊन थांबली होती. तिने ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली आणि ती माझ्याशेजारी उभी राहिली. इकडेतिकडे बघत ती देवमनना शोधत होती.

तेवढ्यात दोन पहारेकरी आले, आणि त्यांच्यामागून एक अधिकारी बाई.

"ही बॅग तुमची?"

"नाही. एका काकांची आहे. अमरावतीहून आमच्याच विमानात होते."

"त्यांचं नाव?"

"नाव माहीत नाही."

"मग तुम्ही इथं का उभ्या आहात?"

"बॅग बेवारस नाही, हे कोणीतरी सांगायला पाहिजे म्हणून."

अधिकारी बाईंनी तिचे ओळखपत्र मागितले. तुबा, राहणार अकोला. हैदराबादला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर व्हायचे होते. तिचे विमानही नव्या विमानतळावरूनच होते. तिचे नाव लिहिताना बाईंचे पेन क्षणभर थांबले असे मला वाटले. खरे असेल, नसेल. इतकी वर्षे देवमनच्या हाताखाली काढून मीही संशयी झाले आहे.

"नाव माहीत नाही, मग बॅग त्यांचीच हे कशावरून?"

"हा टाका पाहा," तुबा म्हणाली. "माझ्या आजोबांचा आहे. अब्दुल गफ्फार. अशी बॅग आता कोणाजवळ दिसत नाही. म्हणून सकाळीच लक्षात राहिली."

मला ओरडून सांगावेसे वाटले की ती खरे बोलते आहे. पण बॅगेला तोंड असून उपयोग काय, त्याला कुलूप होते.

कुत्रा आणला. तो तिखटाच्या बाजूला नाक लावून बराच वेळ थांबला आणि शिंकला. मग एक यंत्र आणून माझ्या आतले चित्र पाहिले. चित्रात बारा लोखंडी तुकडे एका ओळीत दिसत होते, आणि त्यांच्या मधोमध एक गोल डबा. अधिकारी बाई ताठ झाल्या. दोरी बांधून लोकांना आणखी मागे हटवले. दोन महिला पहारेकऱ्यांनी तुबाला दंडाला धरून लांब उभे केले. तिची टॅक्सी केव्हाच हाकलली गेली होती.

आणि तेव्हा देवमन आले. चार ठिकाणी विचारून, चारही ठिकाणी तेच उत्तर ऐकून आले होते. गर्दीतून घुसत त्यांनी मला पाहिले, मला पडलेला वेढा पाहिला आणि पहारेकऱ्यांच्या हातातली तुबा पाहिली.

"ती बॅग माही आहे!"

"या मुलीला ओळखता?" अधिकारी बाईंनी विचारले.

देवमननी एक क्षणही विचार केला नाही. "सकाळपासून बॅगेच्या मागं आहे ही. तिकडंही हात लावून राहिली होती. हिनंच उचलली असन."

आतापर्यंत तुबा सगळ्या प्रश्नांची उत्तरे सरळ देत होती. पण हे ऐकल्यावर तिने मान खाली घातली.

इंदूबाई धापा टाकत पोचल्या. त्यांनी शेवटचे वाक्य ऐकले होते. शंभर माणसांसमोर त्या म्हणाल्या, "हिनं नाई उचलली. म्याच सोडून गेली होती बॅग. माही चुकी आहे. पोरीले सोडा."

मग कुलूप उघडले. मुगवड्या, लुगडे, पाने, तिखटाचा डबा, सगळे जमिनीवर मांडले गेले. लोक पांगले. देवमनकडून जबाब लिहून घेतला. या सगळ्यात पाऊण तास गेला. मला बंद करताना अधिकारी बाई देवमनना म्हणाल्या, "ही मुलगी थांबली नसती, तर आम्हाला बॅग लांब नेऊन फोडावी लागली असती. आणि अंगावर एवढं घेऊन थांबणारं माणूस आम्हाला रोज भेटत नाही."

देवमननी वाकून माझे कुलूप लावले आणि मला उचलले.

तुबाने दुसरी टॅक्सी बोलावली. ती इंदूबाईंना म्हणाली, "काकू, मी तिकडंच चालले. गाडीत जागा आहे." काकांकडे तिने पाहिले नाही.

देवमननी मला मांडीवर घेतले आणि ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले. शहरातून बाहेर पडायलाच तास गेला. गाड्यांना गाड्या चिकटल्या होत्या. मग समुद्रावरचा तो लांब पूल आला. इंदूबाईंनी खिडकीला कपाळ लावले. देवमन मात्र रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. पहिल्या पाटीवर नव्या विमानतळाचे नाव आले, तरी दुसरी वाचली, तिसरीही वाचली. मग त्यांनी वाचायचे थांबवले.

नवा विमानतळ मोठा आणि मोकळा होता. तुबा धावत तिच्या खिडकीशी गेली. खिडकी बंद होऊन दहा मिनिटे झाली होती.

देवमन तिच्यामागे गेले. मी त्यांच्या हातात होते.

"साहेब, हिचा दोष नाई," ते आतल्या माणसाला म्हणाले. "म्या हिच्यावर खोटा आळ घेतला. पोलिसायनं हिले अडवून ठेवलं. पायजे तर मी लिहून देतो."

तो माणूस सज्जन होता. पण नियम नियम असतो. त्याने यंत्रात पाहून सांगितले की इथून पुढचे विमान उद्या दुपारी. आज संध्याकाळी साडेसातला एक आहे, त्यात जागाही आहे, पण ते जुन्या विमानतळावरून.

म्हणजे ज्या रस्त्याने आलो, त्याच रस्त्याने तिला परत जायचे होते.

"मी येतो संगं," देवमन म्हणाले. त्यांचे स्वतःचे विमान दीड तासावर आले होते.

"कशाला?" तुबाने विचारले. "माझ्यावर लक्ष ठेवायला?"

ती मोठ्याने बोलली नाही. तरी देवमन बाकावर बसले. मी त्यांच्या आणि तिच्या मध्ये होते. मग ते म्हणाले, "पोरी, म्या तुले चोर म्हटलं."

"तुम्ही 'उचलली असेल' म्हटलं."

"तेच थे."

"हो," ती म्हणाली. "तेच ते."

"माफ कर मले."

तुबाने जुन्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीची वेळ पाहिली. "काकू, येते मी," ती म्हणाली. इंदूबाईंनी तिचा हात धरून फोन नंबर मागितला, तो तिने दिला. जाता जाता तिने फक्त एक गोष्ट सांगितली. "काका, आजोबांना हे सांगू नका. त्यांच्या बॅगेपायी झालं म्हणून ते जेवणार नाहीत."

कोचीला उतरल्याबरोबर, मी सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून येण्याच्याही आधी, इंदूबाईंनी फोन लावला होता. तुबा विमानात चढली होती.

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरली. मी प्रियदर्शनीच्या कपाटात होते, त्यामुळे मला ती दिसली नाही. पण परत आल्यावर देवमननी पाने काढून तिच्या हातात दिले, ते मी पाहिले. तिने एकेक पाना हातात तोलून पाहिला. मग इंदूबाईंनी मुंबईची हकीकत सांगितली, आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

"बाबा, तिची माफी मागितली?"

"मागतली."

"तिनं केली?"

देवमन पान्यांच्या खाकी कापडाची घडी घालू लागले.

परतल्यावर आठ दिवसांनी ते मला घेऊन अकोल्याला गेले. माझी मूठ प्रवासात निखळली होती, हे निमित्त. गफ्फारभाई आता खूप थकलेत, पण दुकानात बसतात. देवमननी आधी मूठ दाखवली. मग सगळे सांगितले. आपण काय बोललो, तेही शब्द न बदलता सांगितले. "तिनं सांगू नका म्हटलं होतं," ते शेवटी म्हणाले. "पन मले राहवलं नाई."

गफ्फारभाईंची सुई थांबली होती.

"पोरगी रोज फोन करते," ते म्हणाले. "सगळं सांगते, काय खाल्लं, किती वाजता झोपली. हे नाही सांगितलं." मग त्यांनी विचारले, "तुम्ही माफी मागितली तेव्हा काय म्हणाली? 'ठीक आहे' म्हणाली?"

"नाई म्हनली."

"मग ठीक नाही, देवमनभाऊ," गफ्फारभाई शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझी मूठ हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "चार दिवसांनी या. चहा घेऊन जा."

देवमननी चहा घेतला. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. पावतीही मागितली नाही.

मी आता इथेच, या दुकानात, दुसऱ्या फाटक्या बॅगांशेजारी आहे. मित्रांनो, तुम्हीही कधी विमानतळावर जाल. तिथे एखादी एकटी बॅग दिसली, तर तिला हात लावू नका, लांब राहा आणि लगेच पहारेकऱ्याला सांगा. ते बरोबरच आहे. पण तिच्याशेजारी जर कोणी उभे असेल, तर त्या माणसाला आधी एवढेच विचारा की तू इथे का थांबलास. आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये काही बोलू नका.